ज्याचं दुखणं त्याने

तो पाव घेऊन आला, पिशवी ओट्यावर ठेवली, नळाखाली हात धुतले आणि म्हणाला, "चहा तू टाकतेस की मी टाकू?" मी कपड्यांच्या घड्या घालत होते. मी दाराकडे बघत राहिले, कारण त्याच्या मागून अजून काहीतरी आत यायचं होतं. ढकलगाडीचं पुढचं चाक उंबऱ्याला अडतं, तो गाडी जरा मागे घेतो, उचलतो, चाक कुरकुरतं, आणि मग आमची मुलगी, भोपळी, "आले" म्हणते. तिला अजून मोजकेच शब्द येतात, पण हा एक अगदी मोठ्या माणसासारखा येतो. तसलं काहीच झालं नाही. दार उघडं होतं आणि जिन्यावरचं ऊन आत सांडलं होतं.

"भोपळी कुठाय?" मी विचारलं.

"कुठाय म्हणजे? तुझ्याकडे."

इतक्या साध्या आवाजात म्हणाला की मी खरंच एकदा पलंगाकडे पाहिलं, घड्यांच्या ढिगामागे पाहिलं. मग अनवाणीच जिना उतरले. आपलं शरीर आपल्या आधी धावतं, हे मला ठाऊक होतं, पण त्या वेळी डोकं इतकं थंड राहतं हे ठाऊक नव्हतं. कोपऱ्यापर्यंत धावताना मला रस्त्यावरचा प्रत्येक खडा कळत होता, समोरून येणाऱ्या बाईच्या छत्रीची तुटलेली काडी दिसत होती, आणि आत कुणीतरी शांतपणे सांगत होतं की आता इथून पुढे सगळं या रस्त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं असणार आहे.

गाडी पावाच्या दुकानाच्या काचेला लागून सावलीत उभी होती. भोपळी टोपीची नाडी चघळत बसली होती. तिचा पट्टा लावलेला होता. गाडीचा ब्रेकही लावलेला होता, आणि उतार असल्यामुळे चाकाला एक दगडसुद्धा होता. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोरून तो दगड हलला नाही. विसरणाऱ्या माणसाने चाकाला दगड कशाला लावावा? दुकानातली बाई बाहेर येऊन म्हणाली, "मला वाटलं साहेब इथेच कुठेतरी असतील. मी लक्ष ठेवून होते हो. रडली नाही बिचारी." मी तिला काय म्हणाले आठवत नाही. बहुधा हसले असेन. शिकलेल्या बाया अशा वेळी हसतात.

घरी आले तर त्याने चहा गाळला होता. दोन कप, आणि तिचं दूध निवायला ठेवलेलं. त्याने हात पुढे करून तिला माझ्याकडून घेतली, तिच्या गालाला नाक लावलं आणि मला म्हणाला, "काय, फिरून आलात दोघी?"

मी हो म्हणाले.

बाळंतपणाची रजा संपवून सोमवारी मी पुन्हा कामावर जाणार होते. कॉलेजच्या रसायनशाळेत मी मुलांची प्रात्यक्षिकं घेते. मुलं नळीतून थेंब थेंब सोडतात आणि मी त्यांच्या मागे उभी राहून रंग कधी बदलतो ते बघते. त्यात एकच शिकवण्यासारखं असतं: शेवटच्या थेंबाआधीही थोडं कळतं. थेंब पडतो तिथे क्षणभर गुलाबी होतं आणि ढवळलं की जातं. असं दोनदा-चारदा होतं. मुलं म्हणतात, "मॅडम, गेला की रंग." मी म्हणते, गेला नाही, येतोय. आणि हीच मी घरात गेले कित्येक महिने ढवळत होते. किल्ली फ्रिजमध्ये सापडली, ढवळलं. मला हाक मारताना तो आधी "अगं" म्हणून थांबायचा आणि मग नावच घ्यायचा नाही, ढवळलं. एकदा आंघोळ करून आला आणि परत आंघोळीला गेला, तेव्हा मी हसले, आणि तोही हसला, पण माझं हसू बघून हसला. तो त्याच कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कोच आहे, आणि सोमवारपासून दुपारी भोपळीला त्याच्याजवळ मैदानावर ठेवायचं ठरलं होतं. बाकावर सावली असते, पोरं तिच्यावर जीव टाकतात, आणि बाप डोळ्यांसमोर. सगळ्यांना ही व्यवस्था फार गोड वाटली होती. मलाही.

दुपारी सासूबाई आल्या. त्या मागच्याच गल्लीत राहतात. भोपळीचे फ्रॉक धुऊन इस्त्री करून आणतात. नको म्हटलं तरी आणतात. आयुष्यभर लोकांचे कपडे इस्त्री करून त्यांनी एकटीने याला वाढवलं, आणि आता लोकांचे कपडे नाहीत तर नातीच्या लंगोटालासुद्धा घडी पडते. त्यांच्या बोटांची पेरं गुळगुळीत झाली आहेत, गरम-गार त्यांना लवकर कळत नाही. मी सकाळचं सांगितलं. सगळं नाही; दुकान, गाडी, एवढंच. "फिरून आलात दोघी" हे नाही सांगितलं.

"विसराळूच आहे तो," त्या म्हणाल्या. "लहानपणी एकदा इस्त्री चालू ठेवून खेळायला पळाला. मी आले तर कुणाच्या तरी लग्नाच्या शर्टाला पाठीवर खिडकी."

"आई, ही इस्त्री नाही हो. मुलगी आहे."

"ते मला कळतं. मी काय दगड आहे?" फ्रॉकची बाही त्यांनी उगाच दोनदा सरळ केली. "तू फार बघत बसतेस ग. इतकं बघितलं तर कुणाचंही काहीतरी दिसेल. माझं बघ, माझंही दिसेल." मग माझ्याकडे न बघता, "त्या वेळी डॉक्टर म्हणाला होता काहीतरी. मला समजलं नव्हतं."

ते मला समजलं होतं, कारण लग्नाआधी याने स्वतःच मला सांगितलं होतं, डॉक्टरचं ते वाक्य जसंच्या तसं: डोक्याला लागलेलं डोकं विसरत नाही. शिकत असताना तो कॉलेजच्या संघात बचावाला होता. लोक त्याला भिंत म्हणायचे. वरून आलेला प्रत्येक चेंडू तो डोक्याने परत पाठवायचा. पायाने खेळणारे पुष्कळ, असा डोक्याने खेळणारा एकच. मग एका सामन्यात समोरच्याचं डोकं आणि त्याचं डोकं एकाच चेंडूला गेलं. पडला, उठला, परत पडला. तेव्हाच्या कोचने कपाळाला फडकं बांधलं, कानाखाली एक दिली आणि म्हणाला, "रडायचं असेल तर आईकडे जा." तो आत गेला. त्यानंतरही त्याने चेंडू डोक्याने मारले. किती ते त्याला आठवत नाही. तो सामनाच त्याला आठवत नाही, लोकांनी सांगितला तेवढाच माहीत. पुढचे कित्येक महिने तो आईच्या खोलीत अंधारात पडून होता. उजेड टोचायचा. सासूबाईंनी खिडक्यांना लोकांच्याच चादरी लावल्या, आणि त्या काळोखात अंदाजाने इस्त्री केली, कारण काम थांबवून चालणार नव्हतं. इस्त्रीच्या टेबलाची कड धरून तो परत चालायला शिकला. मोठ्या संघाने बोलावलं होतं, ते राहिलं ते राहिलंच. मी त्याला भेटले तेव्हा तो सरळ चालत होता, आणि मी त्याच्या त्या सरळ चालण्याच्याच प्रेमात पडले. इतकं सरळ कुणी चालत नाही. प्रत्येक पाऊल ठरवून टाकल्यासारखं.

या कॉलेजचा संघ त्याला मिळाला तेव्हा तो संघ म्हणजे टोळी होती. जुने खेळाडू नव्यांकडून मोजे धुवून घ्यायचे, पाणी आधी जुन्यांना, उरलं तर नव्यांना. कुणाचा घोटा सुजला की तो पट्टी लपवायचा, आणि लपलेली पट्टी दुसऱ्या कुणाला दिसली की तो कोचच्या कानाला लागायचा, कारण एक गेला की एक जागा रिकामी. याने पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे घामट शर्ट गोळा करून घरी आणले, धुतले, आईकडून इस्त्री करून घेतले आणि घडी घालून ज्याचे त्याला दिले. पोरांनी त्याचं नाव इस्त्रीवाले सर ठेवलं. तोंडावरही म्हणाले. हा म्हणाला, "हो. आमचा घरचा धंदा आहे. तुमच्या घरी काय करतात?" पुढच्या महिन्यात कप्तान स्वतः सगळ्यांचे शर्ट धुवायला घेऊन गेला. नंतर पाळी लागली.

पण खरी गोष्ट गोलाची. सरावाच्या आधी सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं, आणि एकेकाने आपलं सांगायचं. दुखत असेल तर हात वर. हात वर केला की बाकावर बसायचं, कुणी हसायचं नाही, परत कधी येणार विचारायचं नाही. नियम एकच होता, आणि तो फार विचार करून केलेला होता: ज्याचं दुखणं त्याने सांगायचं. दुसऱ्याचं कुणी सांगायचं नाही. दिसलं तरी. सुरुवातीला कितीतरी दिवस एकही हात वर आला नाही. सगळे गप्प, घोटे सुजलेले, आणि तो मध्ये उभा. मग एक दिवस त्याने स्वतःचा हात वर केला. "मी कोच. आज डोकं दुखतंय. उन्हात उभं राहवणार नाही." आणि जाऊन बाकावर बसला. दुसऱ्या दिवशी गोलरक्षकाने बोट मोडल्याचं सांगितलं; ते मोडून दोन आठवडे झाले होते. हे सगळं मी पाहिलं आहे. प्रयोगशाळेच्या खिडकीतून मैदान दिसतं. त्या वर्षी ते फार सामने जिंकले नाहीत, पण हरल्यावर भांडायचे थांबले, आणि त्याच्या पुढच्या वर्षी जिंकायलाही लागले. लोक बघायला यायचे. दुसऱ्या कॉलेजांनीही असं गोलात उभं राहायला सुरुवात केली.

त्या दिवशी चार वाजता मी भोपळीला घेऊन मैदानावर गेले. का, ते मला सांगता आलं नसतं. सकाळपासून मी तिला खाली ठेवलंच नव्हतं. माझा एक खांदा बधिर झाला होता. तो गोलपोस्टजवळ चुन्याची रेघ मारत होता, ती सरळ येत होती. मी बाकावर बसले आणि नुसती बघत राहिले, आणि मग मला ते दिसलं. पोरं एकेक करून येत होती, त्याच्यासमोर थांबत होती. "सर, मी डावा बॅक." "सर, मी उजवा विंग. आज थोडा उशीर झाला." "सर, मी गोलरक्षक." हे मी शंभरदा ऐकलं होतं. मला ते फार आवडायचं. नाव नाही, घराणं नाही, मैदानावरची आपली जागा सांगायची. मी एकदा माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगितलं होतं की बघा, ही शिस्त. पण डावा बॅक हा तिसरं वर्ष डावा बॅक आहे. त्याने हे रोज का सांगावं? आणि कुणीही पाठीमागून बोलत नव्हतं. सगळे आधी समोर येत होते, आधी आपण कोण ते सांगत होते, मग बोलत होते. आंधळ्याशी बोलावं तसं. नाही, आंधळ्याशीसुद्धा लोक इतकं जपून बोलत नाहीत.

कप्तान नळावर बाटल्या भरत होता. मी तिथे गेले. लांब हाताचा, कमी बोलणारा मुलगा. माझ्याच वर्गात होता, सगळ्यात जास्त काचेच्या नळ्या फोडलेला.

"हे जागा सांगायचं कधीपासून सुरू झालं?" मी विचारलं.

"कुठलं, मॅडम?"

"तुला कळलंय कुठलं."

बाटली भरून वाहायला लागली तरी त्याने नळ बंद केला नाही. "गेल्या हंगामात," तो म्हणाला. "म्हणजे आधी मी एकटाच सांगायचो. मग बाकीच्यांनी धरलं. नवी पोरं आली त्यांना वाटतं ही रीतच आहे."

"आणि सरांना?"

"सरांना वाटतं आम्ही शिस्तीचे झालो." तो जरा हसला आणि ते हसू त्याने लगेच गिळलं. "मागच्या सामन्यात बदली खेळाडू कोण पाठवायचा ते सरांना... मी हळूच सांगितलं. कुणाला कळलं नाही. आम्ही सांभाळतो, मॅडम. तुम्ही काळजी करू नका."

"तुम्ही मला सांगायचं नाही? अरे, मला?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच काहीतरी खालच्या दर्जाचं मागत होते. "दुसऱ्याचं सांगायचं नाही, मॅडम. नियम आहे. सरांचाच आहे."

मला त्याला मारावंसं वाटलं. मला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. एवढी सगळी पोरं, तरणीताठी, दिवसचे दिवस एका माणसाला आपल्या हातांनी उचलून धरून चालवत होती, आणि त्याला कळू देत नव्हती, आणि ही माया होती. त्यानेच शिकवलेली. त्यांच्या मायेत कुठेही फट नव्हती, म्हणून आत उजेड यायला जागा नव्हती. आणि मी? मी वेगळं काय केलं होतं? मी हो म्हणाले होते. सासूबाईंनी बाही सरळ केली होती. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या खिडक्यांना चादरी लावल्या होत्या.

शिट्टी वाजली. पोरं गोलात उभी राहायला लागली. मी बाकाकडे जायला हवं होतं, गेले नाही. कप्तानाच्या शेजारी जाऊन उभी राहिले, भोपळीला कडेवर घेऊन. त्याने मला हलकेच जागा करून दिली. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, पण गोलात कुणी कुणाला विचारत नाही. तो समोर होता, गळ्यात शिट्टी, हाताला चुना. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली. ओळखीची होती ती मान, किंवा सगळ्यांसाठीच होती. मला ठरवता आलं नाही.

"मी डावा बॅक. काही नाही." "मी गोलरक्षक. मनगट थोडं. खेळतो." "मी राखीव. काल ताप होता, बसतो." गोल फिरत माझ्याकडे येत होता. त्याचं सांगायचं नाही. दिसलं तरी नाही. मग माझ्याजवळ काय उरतं? मी माझ्यात शोधत होते, घाईघाईने, शेवटच्या क्षणी पर्स उलटी करावी तसं. भोपळीने माझी बट धरून ओढली. कप्तान म्हणाला, "मी मधला. काही नाही," आणि गोल माझ्यापाशी येऊन थांबला.

मी हात वर केला. बधिर खांद्याचा होता, कोपरापर्यंतच गेला.

"सर," मी म्हणाले, आणि त्याला सर म्हणताना माझा आवाज फाटला. "सर, मी तुमची बायको."

कुणीतरी श्वास घेतला. कुणी हसलं नाही. तो नियम त्यांनी पाळला.

"मला भीती वाटते," मी म्हणाले. "सकाळपासून. कामावर जायची नाही. सोमवारची."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग भोपळीकडे, मग परत माझ्याकडे. हात वर आल्यावर तो सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा, मऊ आवाजात, आणि तोच त्याने मला विचारला. "कुठे?"

भोपळीच्या टोपीची चघळलेली नाडी माझ्या मुठीत होती, ती मी त्याला दाखवली. का दाखवली, कोण जाणे. तो त्या नाडीकडे बराच वेळ बघत राहिला. चुन्याचा हात त्याने कपाळाला लावला आणि तिथे पांढरं उमटलं, जिथे पूर्वी फडकं बांधलं होतं साधारण तिथेच.

"बसा," तो म्हणाला. "कुणी काही विचारणार नाही."

मी बाकावर येऊन बसले. नियमाप्रमाणे. माझ्यामागे गोल पुढे सरकला नाही. मी वळून पाहिलं नाही, मला फक्त गळ्यातून शिट्टी काढताना दोरी शर्टावर घासल्याचा आवाज आला, आणि कप्तानाचा घोगरा आवाज, "सर, मी आहे." मग गवतावरून पावलं आली, ती सरळ, ठरवून टाकलेली. तो माझ्या शेजारी बसला. आमच्यामध्ये एका माणसाची जागा सोडून, बाकावर खेळाडू बसतात तसा.

त्याने हात गुडघ्यांवर ठेवले. मग उजवा थोडा उचलला, गुडघ्यापासून वीतभर.

"मी कोच," तो म्हणाला. "डोकं."

मी काही विचारलं नाही. मैदानावर कप्तानाने पळायला सांगितलं होतं, आणि पोरं पळत होती, पण सगळी फार हळू, आमच्याकडे न बघता.

"दुकान होतं ना?" तो म्हणाला. "सकाळी. मी दगड लावला होता चाकाला. तो आठवतोय मला. गाडी कुणाची होती ते आठवेना."

मी मान हलवली.

"सोमवारी तू जा कामावर. हिला आईकडे ठेव. माझ्याकडे नको." हे सगळं त्याने शांतपणे सांगितलं, संघ जाहीर करावा तसं, ज्याचं नाव वगळलं आहे त्याच्याकडे बघून सांगायची त्याची सवय होती, पण आता तसं बघायला कुणी नव्हतं, म्हणून तो आपल्या चुन्याच्या हातांकडे बघत होता. मग तो म्हणाला, "डॉक्टरकडे तू चल. मी सांगेन, पण मध्येच राहिलं तर पुढचं तू सांग. तेवढं चालेल."

त्याने नियम मोडायची परवानगी दिली होती. मला वाटलं होतं की आता काहीतरी हलकं वाटेल. वाटलं नाही. पांढरी रेघ मैदानाच्या टोकापर्यंत सरळ गेली होती आणि पोरं ती न पुसता तिच्या कडेकडेने पळत होती.

भोपळी माझ्या मांडीवरून उतरली. मधल्या रिकाम्या जागेवरून रांगत त्याच्याकडे गेली, त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आले." त्याने तिला उचलून मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी, घट्ट, आणि तिच्या केसांत तोंड खुपसलं. मी त्याला घेऊ दिलं. तिच्या फ्रॉकचं एक टोक, सासूबाईंनी इस्त्री केलेलं, माझ्या बोटांत होतं. ते मी सोडलं नाही.